पोथी उघडी असताना

लुमिंगने लेकीच्या हातातला फोन हिसकावला, स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या पिंपाचं झाकण उघडलं आणि कोपरापर्यंत हात घालून तो फोन तांदळात खुपसला. झाकण असं आदळलं की दाराशी बसलेली कोंबडी फडफडत कुंपणावर गेली.

"आता गुरगुरू दे तिथे हवं तेवढं," ती म्हणाली. "कोण काय जेवलं आणि कोणाचं कोणाशी फाटलं, ते तांदळाला सांगत बस म्हणावं."

"नानाय, ऑफिसचा मेसेज होता!" लिवाय किंचाळली. तिशी ओलांडलेली बाई, मनिलात दहा माणसं हाताखाली, पण आईसमोर आवाज शाळकरी पोरीसारखाच चिरका व्हायचा.

"ऑफिस? पवित्र गुरुवारी?"

"आमची गिऱ्हाइकं अमेरिकेतली आहेत. त्यांना सुट्टी नसते."

"का? अमेरिकेतला येशू काय वेगळ्या दिवशी मेला?"

लिवायला हसू फुटणार होतं, पण आईच्या कपाळावरची शीर बघून तिने ते गिळलं. ती शीर एकदा उठली की गल्लीतली कुत्रीसुद्धा वाट बदलायची.

आता झालं होतं काय, ते ऐका. अंगणात नारळाच्या झावळ्यांचा मांडव घातलेला. मांडवात जांभळ्या झग्यातला, खांद्यावर क्रूस घेतलेला लाकडी येशू. त्याच्यापुढे लांब टेबल, टेबलावर पोथी आणि माइक. बुधवारी दिवेलागणीला प्रभूच्या दुःखसहनाचं गाणं सुरू झालं होतं. टेबलाच्या अलीकडे एक, पलीकडे एक; एकाने एक कडवं गायचं, दुसऱ्याने पुढचं. गाणारे थकले की उठायचे, दुसरे बसायचे. पण खुर्ची रिकामी पडता कामा नये आणि आवाज तुटता कामा नये. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, गुड फ्रायडेच्या तीनच्या आत, म्हणजे प्रभूने प्राण सोडला त्या घटकेच्या आत संपवायचं. आणि अशा गाण्यात लिवायबाई टेबलाखाली फोन धरून अंगठा फिरवत बसल्या, आणि त्यांचं कडवं हुकलं! समोर बसलेल्या साबेलने पटकन उचललं म्हणून निभावलं. नाहीतर तिथेच खंड पडला असता.

आणि हा खंड म्हणजे काही गंमत नव्हती. लुमिंग लहान होती तेव्हा तापाने फणफणली होती. डॉक्टरने हात टेकले, फादर येऊन मरणाऱ्याचं तेल लावून गेले, बापाने तर शवपेटीसाठी फळ्या आणून ठेवल्या होत्या. तेव्हा तिची आई याच येशूच्या पायाशी पडली आणि बोलली, पोर वाचू दे, हे घर उभं आहे तोवर दरवर्षी तुझ्या दुःखाचं गाणं या अंगणात अखंड होईल. पोर वाचली. तेव्हापासून एका वर्षाचाही खाडा नाही. एका साली पुरात गल्लीत शिरलेलं तळ्याचं पाणी उतरलंच नव्हतं, तर बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून गायल्या, पोथी डोक्यावर धरून. आई गेल्यावर लुमिंगने नवस उचलला. आता तिची छाती भात्यासारखी वाजायची. पुढच्या वर्षी आपल्याने होणार नाही, हे तिला कळत होतं. यंदा शेवटची ओळ झाली की येशूच्या काचेच्या कपाटाची किल्ली लेकीच्या हातात द्यायची आणि नवस तिच्या गळ्यात घालायचा, असं तिने ठरवलं होतं. लेकीला ते ठाऊकही होतं. आणि लेक अंगठा फिरवत होती.

"मी मेल्यावर तू काय करणार आहेस?" लुमिंग म्हणाली. "येशूला मेसेज टाकणार? 'आज जमत नाही, उद्या बघू'?"

"एक कडवं चुकलं, नानाय. एक!"

"एकच खिळा कमी ठोकला असता तर चाललं असतं का?"

लिवाय मोरीवर जाऊन भांड्यांचा ढीग उगाचच आपटत बसली.

लुमिंग तणतणत मांडवात आली, लिवायच्या जागी बसवलेल्या म्हातारीला उठवलं आणि साबेलच्या समोर बसली. डोकं नुसतं भणभणत होतं, आणि का भणभणू नये? बुधवारपासून हेच चाललेलं. आधी चर्चच्या तरुण मंडळाची पोरं गिटार घेऊन आली. 'आलिंग लुमिंग,' मावशी म्हणावं तसं म्हणाली, 'आम्ही पण गातो.' बरं, गा. तर मेल्यांनी प्रभूच्या रक्ताच्या घामाला कुठल्या तरी प्रेमाच्या गाण्याची चाल लावली आणि वर माना डोलवायला लागले. तिने गिटारच्या तारांवर पंजा ठेवला आणि सरळ फाटकाबाहेरची वाट दाखवली. मग निवडणुकीला उभा राहिलेला तो गुळगुळीत माणूस आला. दोन ओळी गायला, त्याच्या माणसांनी फोटो काढले, तिसऱ्या ओळीला बेटा गाडीत. त्याने आणलेलं बिस्किटांचं खोकं लुमिंगने त्याच्या गाडीच्या टपावर नेऊन ठेवलं. मग शेजारच्या बायका. एक येऊन बसते, एक कडवं गाते, आणि लगेच 'पान्सितच्या शेवया झाल्या का हो?' अरे, खायला येता का गायला? चाळीस दिवसांच्या उपवासात लोक काय सोडतात, तर चॉकलेट! आणि जीभ? आणि ते हातातलं चमचमणारं डबडं? देवाने वर्षातले दोन दिवस मागितले, फक्त दोन, तेवढेही कोणाला सरळ देववत नाहीत.

साबेल तिची जुनी मैत्रीण, लिवायची धर्ममाता, तिची निनांग. दोघी एकमेकींना कुमारे म्हणायच्या. साबेलचा आवाज अजून खणखणीत होता, आणि दुपारपासून तीच खिंड लढवत होती. पण साबेलचं एक वाईट होतं. तिच्या तोंडाला गाणं पुरायचं नाही. लुमिंगचं कडवं चालू असताना तिने टेबलाखालची वाटी हळूच वर घेतली आणि कोळंबी सोलायला लागली.

लुमिंगने डोळे वटारले. साबेलने आपलं कडवं गायलं, छान गायलं, आणि पुन्हा वाटीत बोटं घातली.

लुमिंगने स्वतःचं कडवं कसंबसं ओढलं. शेवटचा सूर सोडता सोडता तिने माइकवर हात दाबला आणि फुत्कारली, "कुमारे, तिथे पिलात सुभेदाराच्या अंगणात प्रभूच्या पाठीवर चाबूक बसतायत आणि तू इथे कोळंबी सोलतेस?"

साबेलचं कडवं आलं होतं, म्हणून तिने आधी ते पूर्ण केलं. एक अक्षर खाल्लं नाही. मग उठली, वाटी उचलली, आणि म्हणाली, "सकाळपासून पाण्याचा घोट नाही माझ्या पोटात. तुझ्या नवसासाठी बसलेय मी, माझ्या नव्हे. आता तूच गा दोन्हीकडून. तुला दुसऱ्या कोणाचं पटतंय कुठे!"

आणि ताडताड स्वयंपाकघरात गेली.

तोवर लुमिंगच्या तोंडात पुढचं कडवं सुरू झालेलं होतं. ती एकटी दोन्ही बाजू गाऊ लागली. एक कडवं आपलं, एक समोरच्या रिकाम्या खुर्चीचं. बाकांवर तीन-चार म्हाताऱ्या होत्या, त्यातल्या दोघी पेंगत होत्या आणि एक कोणाच्या तरी नातवाला केळ भरवत होती. दम लागायला लागला. हरकत नाही, ती मनात म्हणाली. आईने पाण्यात उभं राहून केलं, मी खुर्चीत बसून करीन. कोणी नसलं तरी मी आहे. या गल्लीत देवाची आठवण असलेलं एक माणूस तरी शिल्लक आहे.

आणि तेवढ्यात कुंपणापलीकडे इस्कोचं कराओके मशीन सुरू झालं.

ढम्म, ढम्म, ढम्म. टेबलावरचा आल्याचा चहा कपात थरथरायला लागला. मग इस्कोचा आवाज, जाडाभरडा, भसाडा, कुठल्या तरी बाईने टाकून दिल्याचं रडगाणं गाणारा. पवित्र गुरुवारी! ज्या दिवशी शहाणी माणसं खिळासुद्धा ठोकत नाहीत, त्या दिवशी! लाउडस्पीकर नारळाच्या झाडावर बांधलेला होता, त्यातून लुमिंग पिलाताचं अंगण गात होती, आणि त्यावर इस्को 'परत ये, परत ये' म्हणून बोंबलत होता. तिला स्वतःचाच आवाज ऐकू येईना.

तळपायाची आग मस्तकात गेली. तिने एक कडवं गायलं. दुसरं गायलं. तिची नजर ओळीवर होती आणि मन कुंपणावरून उडी मारून इस्कोच्या नरडीला पोचलं होतं. तिसऱ्या कडव्यानंतर तिला राहवेना.

ती उठली. स्वयंपाकघराची खिडकी टेबलाच्या अगदी मागेच होती. त्या खिडकीकडे तोंड करून ती ओरडली, "कोणीतरी बसा इथे! मी आलेच!" आणि कोण बसतंय ते न बघता चपला पायात अडकवून फाटकाबाहेर पडली.

इस्कोकडे बदकांची अंडी उबवायचा धंदा, आणि जोडीला मशीन भाड्याने देणं. चाळिशीतला, ढेरपोट्या, बायको सोडून गेलेला. अंगणात तो आणि त्याचे दोन दोस्त, मध्ये बाटली, तळलेला मासा, उघडी अंगं.

"इस्को!"

"आते लुमिंग!" इस्कोने माइकवरूनच स्वागत केलं. "या, या! आज माझा वाढदिवस!"

"तुझा वाढदिवस गेला खड्ड्यात! लाज नाही वाटत? आज कोणता दिवस आहे?"

"मी काय करू, आते? पवित्र आठवड्याची तारीख दरवर्षी हलते, आणि दर दोन-तीन वर्षांनी प्रभू नेमका माझ्या वाढदिवसाच्या सुमारास मरतो. केक कधी कापायचा मग मी?"

दोस्त खिदळले. लुमिंगने आयुष्यभराचं साठलेलं सगळं तिथे ओतलं. मेल्या, तुझी आई माझ्या मांडवात गाता गाता म्हातारी झाली. टेबलाखाली गोधडी टाकून तुला तिथेच निजवायची. त्या आईच्या पोटी तू असा गाढव निघालास. बायको गेली ती उगाच नाही गेली. या गल्लीला देव नको, देवाचं भय नको, नुसतं ढम्म ढम्म पाहिजे. तुम्ही सगळे मिळून त्याला पुन्हा खिळे ठोकताय, आणि वर तोंडी लावायला तळलेला मासा! ती बोलत होती आणि तिला बरं वाटत होतं. दोन दिवसांत पहिल्यांदा छाती मोकळी झाल्यासारखी वाटत होती. थुंकी उडत होती, हात उडत होते. एक दोस्त हळूच शर्ट चढवायला लागला.

इस्को भांडेल, असं तिला वाटलं होतं. खरं तर त्याने भांडावं अशी तिची इच्छा होती. पण बायकोचं नाव निघालं तेव्हाच त्याचं हसू पुसलं गेलं होतं. तो खाली वाकला आणि त्याने मशीनचं बटण दाबलं.

"बंद केलं, आते," तो म्हणाला. "माफ करा."

गल्ली एकदम शांत झाली. लुमिंग अजून तोंड उघडून उभीच होती, पुढचं वाक्य जिभेवर होतं.

इस्को मान तिरकी करून ऐकत होता. मग त्याने कुंपणापलीकडे, नारळाच्या झाडाकडे बघितलं.

"आते," तो म्हणाला, "तुमच्याकडे गाणं का थांबलंय?"

लुमिंगने ऐकलं. लाउडस्पीकर चालू होता. त्यातून पंख्याची घरघर येत होती. मग ताटात चमचा घासल्याचा आवाज. मग साबेलचा आवाज आला, मोठ्याने, कराओकेवर मात करायला चढवलेला तो तसाच चढलेला, सगळ्या गल्लीवर पसरत:

"...खा गं, रडू नकोस. पान्सितावर राग काढू नये."

"नको मला ती किल्ली, निनांग." ही लिवाय. नाक चोंदलेलं, आवाज तेवढाच मोठा. "देवाच्या शपथेवर सांगते, नको. मला येशूसाठी बसायचं असतं. लहानपणी मला हे गाणं इतकं आवडायचं! वधस्तंभाजवळ आई उभी राहते ना, तिथे मला दरवर्षी रडू यायचं. आता मी ओळ वाचते तेव्हा येशू दिसतच नाही. नानायच दिसते. ती बघतेय का, तिला काय वाटतंय, मी नीट बसलेय का. तो फोन मी का बघत होते माहितेय? ती बाकावरून बघत होती म्हणून. कुठेतरी दुसरीकडे बघायचं होतं मला."

"अगं, तिचा स्वभावच..."

"स्वभाव नाही! तिची तरी नजर कधी पोथीवर असते? एक डोळा ओळीवर, दुसरा आमच्यापैकी कोणावर तरी. कोण जेवतंय, कोण पेंगतंय, कोण हसलं. सगळ्या मांडवात सगळ्यात कमी ऐकत कोण असेल ना, तर ती."

मग साबेल म्हणाली, "थांब. हा आवाज कुठून येतोय? अगं, बाहेरून... आई गं! माइक! तिथे कोण बसलंय?"

"मला वाटलं तुम्ही त्या आजींना सांगितलं!"

"मला वाटलं तू..."

धाडकन खुर्ची पडल्याचा आवाज, आणि मग काहीच नाही.

गल्लीतली माणसं आपापल्या दारांत आली होती. कोणी हसत नव्हतं, हेच वाईट होतं. लुमिंग इस्कोच्या अंगणात उभी होती, एक हात अजून हवेत, बोट इस्कोवर रोखलेलं. तिने तो हात खाली घेतला. तिचे कान तापले होते. आधी तिला लेकीचा राग आला, असा की डोळ्यांपुढे लाल झालं. कार्टी! सगळ्या गावासमोर! मग साबेलचा आला. मग त्या पेंगणाऱ्या म्हाताऱ्यांचा. एकीलाही कळू नये? पोथी उघडी पडलीय, समोर कोणी नाही, आणि एकीलाही समजू नये?

पण कळणार कसं? ती उठली होती. ती खुर्चीत होती, गाणं तिच्या तोंडात होतं, आणि ती उठून इथे आली होती. आईने पाण्यात सोडलं नाही, ते तिने एका ढम्म-ढम्मसाठी सोडलं. कोणी फोनसाठी, कोणी कोळंबीसाठी, आणि ती? तिला भांडायचं होतं. ते गाणं गाताना सबंध वेळ तिला भांडायचंच होतं. देवा, तिला त्यात मजा येत होती.

ती वळली आणि घराकडे चालू लागली.

मांडवात साबेल खुर्चीवर बसली होती, पण गात नव्हती. लिवाय मागे उभी, ओठ चावत. म्हाताऱ्या टक्क जाग्या झाल्या होत्या, केळवाला नातूसुद्धा चावायचा थांबला होता.

"कुमारे," साबेल घाईघाईने म्हणाली, "फार नाही गं. चार-पाच कडव्यांचा खाडा. कराओकेत कोणाला कळलंही नसेल. तू सोडलंस तिथूनच धरू. तो वर घड्याळ लावून बसलाय थोडाच!"

साबेलचं खरं होतं. कोणी काही म्हणालं नसतं. सगळ्यांनी मान खाली घालून तेच केलं असतं, आणि पुढच्या वर्षी कोणाच्या लक्षातही राहिलं नसतं. पण ही ती होती, जिने एका कडव्यासाठी लेकीचा फोन तांदळात गाडला होता.

ती टेबलाशी गेली. पोथीची पानं मागे उलटायला लागली. पिलाताचं अंगण मागे गेलं, प्रभूला धरलं ती बाग मागे गेली, शिष्यांबरोबरचं शेवटचं जेवण मागे गेलं.

"नानाय, काय करतेस?" लिवाय म्हणाली. "ते तर कालचं..."

लुमिंग पहिल्या पानावर थांबली. पान तळहाताने दाबून सपाट केलं. मग माइक तोंडाशी ओढला.

"मी लुमिंग," ती म्हणाली. लाउडस्पीकरमधून तिचा आवाज गल्लीभर गेला. "गाण्यात खंड पडला. कोणाच्या फोनने नाही, कोणाच्या खाण्याने नाही. इस्कोनेही नाही. मी खुर्ची सोडून भांडायला गेले होते. माझ्या आईचा नवस माझ्याने मोडला." तिला इथे दम लागला. "पहिल्यापासून परत सुरू करतेय. आत्ता धरलं आणि कुठेही थांबलो नाही, तर उद्या तीनच्या आत जेमतेम होईल. एकटीने होणार नाही. माझी छाती तेवढी नाही. ज्यांना ज्यांना मी हाकललं... गिटारवाल्या पोरांनो, तुम्हीही. या. यायचं नसेल तर येऊ नका, माझी काही तक्रार नाही. पण आलात तर बरं होईल."

बोलून झाल्यावर तिला भयंकर संताप आला. याचना! या वयात, माइकवरून! तिने कोणाकडे बघितलं नाही. पहिली ओळ घेतली.

पहिलं कडवं तिने गायलं. ते संपलं आणि समोरच्या खुर्चीतून दुसरं कडवं आलं. साबेल. घसा बसलेला, पण सूर पक्का. तिसरं लुमिंगचं. चौथं साबेलचं.

फाटक करकरलं. इस्को आत आला. शर्ट घातला होता, बटणं वरखाली लागली होती, अंगाला दारूचा वास. तो साबेलच्या शेजारी उभा राहिला, पोथीत डोकावला, आणि पुढचं कडवं आलं तेव्हा साबेलबरोबर गायला लागला. आवाज तोच, भसाडा. पण शब्द त्याला पाठ होते. पोथीकडे बघावंही लागत नव्हतं त्याला. टेबलाखाली झोपून ऐकलेलं असं आत मुरलेलं असतं.

त्याच्या तोंडाचा वास टेबल ओलांडून लुमिंगपर्यंत आला. 'तोंड धुऊन ये आधी' हे शब्द दातांपर्यंत आले. तिचं कडवं आलं, तिने ते गायलं.

उन्हं कलली तशी गिटारवाली पोरं आली. सगळी नाही, अर्धीच. फाटकाशी घुटमळली, मग एकजण धीर करून आत आला आणि बाकीचे त्याच्या मागे. त्यांनी साबेलची जागा घेतली. गिटार त्यांनी आणली होतीच, मेल्यांनी. आणि तीच चाल लावली. तीच, प्रेमाच्या गाण्याची, मान डोलवायची! लुमिंगच्या कपाळाची शीर तटतटली. माइकपासून तारांपर्यंत हातभर अंतर. तिने दोन्ही पंजे पोथीच्या कडांवर दाबून ठेवले आणि आपलं कडवं आईच्या चालीत गायलं. पोरांनी पुढचं त्यांच्या चालीत गायलं. असंच चाललं. कानाला भयंकर होतं ते. पण तुटत नव्हतं.

मग पोरं उठली आणि समोरच्या खुर्चीत कोणीतरी बसलं. लुमिंगने आवाजावरून ओळखलं. लिवायचा आवाज आधी बारीक निघाला, मग रुळला. बोलायला जागाच नव्हती, एकीचं संपलं की दुसरीचं. लुमिंगला सांगायचं होतं की किल्ली नको असेल तर नको घेऊस. लाउडस्पीकरवरून आईची अब्रू काढतात का, असंही विचारायचं होतं, आणि ते जास्त सांगायचं होतं. ती पुढची ओळ गायली.

रात्री शेवटच्या जेवणाशी पोचल्या तेव्हा स्वयंपाकघरात काहीतरी गुरगुरलं.

दबका, जाड, बंद जागेतून आल्यासारखा आवाज. थांबला. पुन्हा गुरगुरला. मग वाजायलाच लागला. तांदळाच्या पिंपात लिवायचा फोन वाजत होता. बाकावरच्या म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. एक पोरगं फिस्सकन हसलं, साबेलने त्याला कोपर मारलं. इस्को तोंडावर हात दाबून बाहेर पळाला. फोन वाजतच राहिला. अमेरिकेत कोणाला तरी फारच घाई होती.

लिवायचं कडवं चालू होतं. तिच्या आवाजात काही कमीजास्त झालं का? तिने खिडकीकडे बघितलं का? ती बघतेय का? लुमिंगची मान आपोआप वर यायला लागली. वर्षानुवर्षांची सवय, मानेलाच जडलेली. नुसतं एकदा डोळा उचलला की झालं. समोरच तर होती लेक.

लुमिंगने बोट ओळीवर ठेवलं. ती रागावली होती, फोनवर, लेकीवर, हसणाऱ्या पोरावर, स्वतःच्या मानेवर. लिवायचं कडवं संपलं. लुमिंगने श्वास घेतला आणि आपलं सुरू केलं.

लेकीची नजर कुठे होती, ते तिने बघितलं नाही.